वाचक विचारतात: अँटिबायोटिक घेताना

पावसाळा लागला की या सदराकडे ताप, घसा आणि पोट यांचे प्रश्न वाढतात. त्यांतले अँटिबायोटिकसंबंधीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव दिलं आहे. ते स्ट्रिपवर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं. डोस ठरवणं आणि बदलणं हे तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांचंच काम. आम्ही फक्त दिलेलं औषध नीट कसं घ्यायचं ते सांगतो आहोत.

चार वर्षांच्या मुलाला कानदुखीसाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचा ड्राय सिरप दिला आहे: ५ मिली दिवसातून दोनदा, सात दिवस. मेडिकलमधून ३० मिलीच्या तीन बाटल्या मिळाल्या. तिन्हींत एकदमच पाणी घालून फ्रीजमध्ये ठेवू का? आणि घरातला चमचा चालेल का?
— एक आई, नाशिक

एका वेळी एकच बाटली कालवा. रोज १० मिली लागणार, म्हणजे एक बाटली तीन दिवस पुरेल. सात दिवसांचे ७० मिली होतात; तिसऱ्या बाटलीत २० मिली उरेल, ते टाकून द्यायचं. पावडर कोरडी असते तोवर टिकते. पाणी पडलं की क्लॅव्हुलॅनेट हळूहळू खराब व्हायला लागतं, म्हणून कालवलेलं औषध फ्रीजमध्ये ठेवूनही साधारण सात दिवसच वापरायचं. तिन्ही बाटल्या पहिल्याच दिवशी कालवल्या तर तिसरी उघडेपर्यंत तिची मुदत संपत आलेली असेल.

कालवताना आधी झाकण बंद ठेवूनच बाटली उलटीसुलटी हलवा, तळाला बसलेली पावडर मोकळी होऊ द्या. हे न करता पाणी ओतलं तर तळाशी घट्ट गोळा राहतो. मग सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि शेवटचे दोन फार दाट. सोबत पाण्याची छोटी बाटली आली असेल तर तेच पाणी वापरा. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या, कोमटही नको. आधी खुणेच्या थोडं खाली येईल एवढंच पाणी घालून जोरात हलवा. फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत पाणी भरा आणि पुन्हा हलवा. फेस खुणेला टेकला म्हणजे बाटली भरली असं समजू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लेबलवर कालवल्याची तारीख पेनने लिहा.

बाटली फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. प्रत्येक डोसआधी हलवायची. रंग गडद पिवळा किंवा तपकिरी झाला तर ती बाटली वापरू नका.

घरातला चमचा नको. घराघरांतल्या चमच्यांत ३ मिलीपासून ७ मिलीपर्यंत काहीही मावतं. बाटलीसोबतचं माप किंवा सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. सिरिंजने औषध गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. थेट घशात सोडलं तर ठसका लागतो. भांडंभर दुधात मिसळूनही देऊ नका. मूल अर्धं दूध पिऊन उठलं तर औषध किती गेलं हे कळायला मार्ग उरत नाही.

आणखी एक गोष्ट बाटली हातात घेतल्याबरोबर बघा. हाच सिरप २२८.५ आणि ४५७ अशा दोन ताकदींत मिळतो. दोन्हीत डोस ५ मिलीच दिसतो, पण दुसऱ्यात औषध दुप्पट असतं. चिठ्ठीवरचा आकडा आणि बाटलीवरचा आकडा जुळला पाहिजे. "ती बाटली नाही, ही घ्या, एकच आहे" असं काउंटरवर कोणी म्हणालं तर तिथूनच डॉक्टरांना फोन करा.

दाढेच्या दुखण्यावर ६२५ ची गोळी दिवसातून दोनदा दिली आहे. घरी ३७५ च्या गोळ्या पडून आहेत. दोन घेतल्या तर चालतील का? शिवाय दुसऱ्या दिवसापासून जुलाब होताहेत.
— वाचक, सातारा

नाही चालणार. ६२५ म्हणजे ५०० मिग्रॅ अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिग्रॅ क्लॅव्हुलॅनेट. ३७५ मध्ये अमॉक्सिसिलिन २५०, पण क्लॅव्हुलॅनेट तेवढंच, १२५. दोन गोळ्या घेतल्या की अमॉक्सिसिलिन बरोबर ५०० होतं आणि क्लॅव्हुलॅनेट मात्र दुप्पट, २५०. जुलाब बहुतेक वेळा त्याच्यामुळेच होतात. मोठ्या गोळीचे तुकडे करूनही ६२५ तयार होत नाही. एक ग्रॅमच्या गोळीत ८७५ आणि १२५ असा हिशेब असतो.

ही गोळी जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या एकदोन घासांसोबत घ्या. त्या वेळी क्लॅव्हुलॅनेट चांगलं शोषलं जातं आणि मळमळही कमी होते. चिठ्ठीवर 'जेवणानंतर' लिहिलं असलं तरी त्याचा अर्थ तासाभराने असा नसतो. आणि गोळ्या आधीच काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नका. ओल लागली की हे औषध खराब होतं, म्हणून तर ते जाड फॉइलमध्ये येतं.

दिवसातून दोनतीनदा पातळ शौचाला होत असेल आणि बाकी तब्येत ठीक असेल तर औषध चालू ठेवून ओआरएस, ताक, भात घ्या. या औषधासोबत दही-ताक चालतं. प्रोबायोटिकची कॅप्सूल दिली असेल तर ती आणि अँटिबायोटिक यांत दोन तास अंतर ठेवा. त्यात सॅकरोमायसिस बुलार्डी असेल तर अंतराची गरज नाही. ते यीस्ट आहे, अँटिबायोटिक त्याला मारत नाही.

पण पाण्यासारखे जुलाब वारंवार होऊ लागले, पोटात मुरडा, ताप किंवा शौचात रक्त दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि तोवर जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी घेऊ नका. आतड्यातले नेहमीचे जंतू मेल्यावर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू फोफावल्याने असं होऊ शकतं, आणि ते कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही होतं. तेव्हा डॉक्टरांना "महिन्यापूर्वी अँटिबायोटिक घेतलं होतं" हे आपणहून सांगा. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज असं दिसलं तरी तेच करा. या औषधाने क्वचित यकृताला सूज येते, तीही पुष्कळदा गोळ्या संपल्यानंतर.

आईचं वय ७० आहे. लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० सकाळ-संध्याकाळ दिलं आहे. ती कॅल्शियम, लोहाची गोळी, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेते आणि छातीत जळजळ झाली की अँटासिडचं पातळ औषध. सगळं एकत्र चालतं का?
— एक मुलगी, ठाणे

या पत्रातली औषधांची यादी तुमच्या डॉक्टरांना जशीच्या तशी दाखवा, कारण तिच्यातल्या चार गोष्टी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या आड येतात.

कॅल्शियम, लोह, जस्त, अँटासिडमधलं मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम हे सगळे या औषधाला पोटातच बांधून ठेवतात. गोळी घेतली जाते, रक्तात मात्र फार थोडी पोचते आणि संसर्ग बरा होत नाही. मग "हे औषध लागू पडलं नाही" म्हणून वरचं औषध सुरू होतं. सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं असतं. आईला गोळी सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ ला दिली तर कॅल्शियमला दिवसा सकाळी ९ ते दुपारी १ एवढीच जागा उरते. लोहाची गोळीही त्याच वेळात बसवावी लागेल, पण कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर लोह कमी शोषलं जातं. त्यापेक्षा अँटिबायोटिक चालू आहे तेवढे दिवस लोह बंद ठेवलं तर चालेल का, ते डॉक्टरांना विचारा, बहुतेकदा चालतं. अँटासिडलाही हाच नियम.

गोळी दूध, लस्सी किंवा नुसत्या दह्याबरोबर नको. पूर्ण जेवणात वाटीभर दही असलं तर अडत नाही. पाणी मात्र भरपूर प्यायला हवं.

ग्लिमेपिराइडबद्दल जास्त काळजी घ्या. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या औषधांनी मधुमेहाच्या गोळ्यांवर असलेल्या वयस्क माणसांची साखर अचानक उतरू शकते. दरदरून घाम, हातांना कंप, बोलण्यात गोंधळ दिसला की आधी ग्लुकोमीटरने साखर बघा. यंत्र हाताशी नसेल तर वाट न बघता साखरपाणी द्या. हे दिवस आईचं जेवण चुकू देऊ नका.

टाचेच्या मागे, पोटरीच्या खाली दुखायला लागलं तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि चालणं कमी करा. या गटाने स्नायूबंध सुजतात, क्वचित तुटतात. साठीच्या पुढे आणि स्टिरॉइड चालू असलेल्यांत धोका अधिक. पाठदुखीसाठी टिझानिडिन चालू असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन घ्यायचंच नाही, कारण रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येतो. रक्त पातळ करणारं ॲसेनोकोमारॉल किंवा वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) लवकर तपासावा लागतो. आणि कॉफी कमी करा. हे औषध कॅफिन शरीराबाहेर जायला उशीर लावतं, मग धडधड होते आणि झोप उडते.

टायफॉइडसाठी सेफिक्झिम सुरू करून तीन दिवस झाले, ताप अजून १०२ पर्यंत जातो. औषध बदलून घेऊ का? ताप गेल्यावर गोळ्या थांबवल्या तर चालतील का?
— वाचक, कोल्हापूर

टायफॉइडमध्ये योग्य अँटिबायोटिक सुरू झाल्यावरही ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. रोजचा सर्वांत जास्त ताप थोडा थोडा खाली येतोय का ते बघा. सकाळ, दुपार, रात्र अशी वेळ आणि आकडा कागदावर लिहून ठेवलात तर डॉक्टरांना एका नजरेत चित्र दिसेल. तिसऱ्या दिवशी दुसरा डॉक्टर आणि दुसरं अँटिबायोटिक ही आपल्याकडची रूढ वाट आहे, आणि तिने काहीच कळेनासं होतं: पहिलं लागू पडत होतं की दुसरं?

त्यातून नुसत्या विडाल चाचणीवर टायफॉइड ठरवला असेल तर निदानच पक्कं नाही. एकच विडाल चाचणी पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही पॉझिटिव्ह येते. खरा पुरावा ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून केलेल्या तपासणीत, मिळतो, आणि त्याचं रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घेतलेलं उत्तम. त्याच रिपोर्टवरून कोणतं औषध चालेल हेही कळतं. भारतात टायफॉइडचे बरेच जंतू आता सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नाहीत, त्यामुळे घरातली जुनी चिठ्ठी उपयोगाची नाही.

पोटात अचानक तीव्र दुखलं, पोट कडक झालं, शौच काळं झालं किंवा रुग्ण बरळू लागला तर चौथ्या-पाचव्या दिवसाची वाट न बघता रुग्णालयात न्या.

गोळ्या थांबवण्याबद्दल सांगायचं तर टायफॉइडमध्ये ताप गेला म्हणून थांबू नका, तो उलटतो. बाकी आजारांचे दिवस वेगवेगळे असतात. स्ट्रेप्टोकॉकसमुळे घसा आला असेल तर अमॉक्सिसिलिन दहा दिवस देतात, कारण घसा तीन दिवसांत बरा वाटला तरी पुढे हृदयाच्या झडपांना इजा करणारा संधिवाताचा ताप टाळायचा असतो. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस पुरतं. ते अन्नाबरोबर घ्यायचं, लघवी तपकिरी होईल, घाबरायचं नाही. ॲझिथ्रोमायसिनच्या तीनच गोळ्या बघून "एवढ्यात काय होणार" असं अनेकांना वाटतं. ते पेशींत साठून राहतं, त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण ६८ तास लागतात, म्हणून गोळ्या संपल्यावरही काम चालू असतं. आपल्या मनाने चौथी, पाचवी गोळी घेऊ नका. मात्र चाचणीत डेंग्यू निघाला आणि डॉक्टरांनीच अँटिबायोटिक मध्येच बंद करायला सांगितलं तर बिनधास्त बंद करा. सुरू केलेला कोर्स काहीही झालं तरी संपवलाच पाहिजे, असा नियम नाही.

१-१-१ म्हणजे नक्की किती वाजता? एखादी गोळी राहून गेली किंवा उलटी झाली तर?
— वाचक, लातूर

तीनदा म्हणजे सुमारे आठ तासांनी: सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. अर्धापाऊण तास इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. नाश्ता ९, जेवण १, पुन्हा जेवण ८ असं केलं तर रात्रीचे तेरा तास औषधाविना जातात. १-०-१ म्हणजे बारा तासांनी.

राहिलेली गोळी आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या, पण दोन एकदम घेऊ नका. गोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली आणि तीत गोळी दिसली तर सहसा पुन्हा घ्यावी लागते. डॉक्टरांना विचारून घ्या. प्रत्येक डोसला उलटी होत असेल तर औषध बदलावंच लागेल, ते त्याच दिवशी कळवा.

पुराच्या पाण्यातून चालल्यामुळे लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) भीतीने डॉक्सिसायक्लिन दिलं. रात्री झोपताना घेतलं, आता गिळताना छातीत आग होते.
— वाचक, परळ, मुंबई

कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथे जखम झाली असण्याची शक्यता आहे. हे औषध आम्लधर्मी आहे. घोटभर पाण्याने घेऊन आडवं झालं की ते अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटून विरघळतं. पुढची कॅप्सूल थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. बहुतेकांना काही दिवसांत बरं वाटतं, पण मधल्या काळात गरम, तिखट खाऊ नका. पुन्हा घ्यायची वेळ आली तर उभं राहून किंवा ताठ बसून, मोठा पेलाभर पाण्याबरोबर, जेवणासोबत घ्या आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका. दूध, कॅल्शियम, लोह, अँटासिड दोनतीन तास लांब ठेवा. या दिवसांत ऊन पडलं तर त्वचा लवकर भाजते.

गुडघाभर पाण्यातून गेलेल्यांना मुंबई महापालिका ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जायला सांगते. किती डोस, किती दिवस, हे पायावर जखम होती का आणि किती वेळा पाण्यात उतरलात यावर ठरतं. गरोदर महिलांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लिनऐवजी दुसरं औषध दिलं जातं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकाच पाकिटातून वाटून घेऊ नये. मुदत संपलेलं तर मुळीच नको. या गटातल्या जुन्या, खराब झालेल्या औषधांनी मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेली आहेत.

अँटिबायोटिकवर दारू चालत नाही हे खरं का? लग्नसराई आहे म्हणून विचारतो.
— वाचक, म्हापसा

मेट्रोनिडाझोल आणि टिनिडाझोल यांच्याबरोबर नाही. चेहरा लाल होणं, धडधड, जोरदार उलट्या असा त्रास होऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर आणखी तीन दिवस फेणीच काय, बिअरही नको. दारूचा अंश असलेलं खोकल्याचं औषध आणि माउथवॉशही बघून घ्या. तोंडाला धातूची चव येते ती औषधाचीच. अमॉक्सिसिलिनवर एखाद्या पेल्याने औषधाचा परिणाम जात नाही, पण ज्या दुखण्यासाठी ते घेताय त्यात पिणं कितपत शहाणपणाचं, ते तुम्हीच बघा.

लहानपणी पेनिसिलिनने पुरळ आलं होतं म्हणे. आता प्रत्येक डॉक्टरला काय सांगू?
— वाचक, अमरावती

तीन गोष्टी सांगा: औषधाचं नाव, किती वेळाने त्रास झाला आणि नेमकं काय झालं. गोळीनंतर तासाभरात अंगावर गांधी, ओठ-पापण्या सुजणं, दम लागणं ही खरी ॲलर्जी. चारपाच दिवसांनी आलेलं सपाट लालसर पुरळ कधी कधी मूळ विषाणूसंसर्गाचंच असतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं सांगणाऱ्या बहुतेकांना तपासणीत ती सापडत नाही. पण ते घरी गोळी खाऊन बघण्याने ठरत नाही. तोवर अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन आणि त्यांची जोडऔषधं टाळा, सेफॅलेक्सिनसारखी औषधं डॉक्टरांना सांगूनच घ्या.

कोणत्याही अँटिबायोटिकवर दम लागला किंवा जीभ-चेहरा सुजला तर १०८ ला फोन करा. तोंडात फोड, त्वचेवर पाण्याचे फोड किंवा साल सुटू लागली तर औषध तिथेच बंद करून रुग्णालय गाठा; को-ट्रायमोक्साझोलसारख्या सल्फा औषधांत हे विशेष लक्षात ठेवा. उरलेली स्ट्रिप सोबत न्या.

मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय पाच गोळ्या कापून देतो. स्ट्रिपवरच्या लाल रेघेचा अर्थ काय?
— वाचक, जळगाव

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, असा. त्याबद्दल केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीमही काढली. त्याआधी १ मार्च २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक 'एच-१' या परिशिष्टात आली. ती विकताना दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत नोंदवायची आणि ती वही तीन वर्षं जपायची असते. स्ट्रिप कापून घेताना मुदतीची तारीख आणि बॅच नंबर असलेला तुकडा बहुधा दुकानातच राहतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि बिल मागा.

गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. अँटिबायोटिकने त्यांचा परिणाम जातो का?
— वाचक, पुणे

अमॉक्सिसिलिन, ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन अशा नेहमीच्या औषधांनी जात नाही. मात्र सतत उलट्या किंवा जोराचे जुलाब झाले तर गोळी शोषली जात नाही, तेव्हा सोबत निरोध वापरा. क्षयरोगासाठीचं रिफॅम्पिसिन वेगळं. ते यकृतातली विकरं वाढवून गर्भनिरोधक गोळीतले हार्मोन लवकर संपवतं. त्याच्याबरोबर नुसत्या गोळीवर विसंबू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून तांबी किंवा दुसरी पद्धत निवडा, आणि रिफॅम्पिसिन संपल्यानंतरही ही काळजी पुढे २८ दिवस घ्या.